धोतर चालतं, लुंगी नाही

मामा माणूस पायांपासून वाचायचे. कोर्टाच्या दारात कुणीही आलं की त्यांची नजर आधी चपलांवर जायची, तिथून विजारीच्या मोहरीवर, मग कमरेच्या पट्ट्यावर, शर्टाच्या बटणांवर, आणि सगळ्यात शेवटी चेहऱ्यावर. चेहऱ्यापर्यंत पोचायच्या आत त्यांचा निकाल झालेला असायचा. माणूस आत जाणार की परत फिरणार, ते गुडघ्यापाशीच ठरायचं.

ते एका दिवाणी कोर्टाचे पट्टेवाले होते, तिथल्या सगळ्यांचेच मामा. कोणतं कोर्ट, कितवा मजला, ते सांगत नाही. शहराच्या पाटीवर तेव्हा जुनं नाव होतं, मी फर्दापूरहून वकिली शिकून नुकतीच इथं आले होते आणि एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली बस्ता उचलत होते. पहिल्याच दिवशी मामांनी मला दारात थांबवलं. मला वाटलं, ओळखपत्र मागतील. त्यांनी माझ्या गळ्यातल्या वकिलाच्या पांढऱ्या पट्टीकडं बोट केलं आणि हळूच म्हणाले, “ताई, बॅंड वाकडा झालाय. आत गेल्यावर साहेब काय बोलणार नाहीत, पण त्यांना दिवसभर तेवढाच दिसंल.”

दाराशेजारच्या खांबावर त्यांनी स्वतःच्या पैशानं एक छोटा आरसा लावला होता. न्हाव्याकडं असतो तसा, कडा उडालेला. त्यात बघून मी बॅंड सरळ केला. त्या आरशात किती माणसांनी स्वतःला बघितलं असेल कोण जाणे. भावाभावांतल्या वाटणीसाठी आलेले भाऊ, भाडेकरूला बाहेर काढायला आलेल्या म्हाताऱ्या, ताब्याच्या भांडणातले दोन्ही शेजारी एकामागोमाग एक. मामा सगळ्यांना एकच सांगायचे, “एकदा आरशात बघा, मग आत जा.”

त्यांच्या नियमांना अंत नव्हता. दुमडलेल्या बाह्या खाली सोडायच्या. गॉगल शर्टाच्या गळ्यात अडकवायचा नाही. आत बसल्यावर पायावर पाय टाकायचा नाही, बाकाच्या पाठीवर हात पसरायचा नाही. मोबाईल आवाज बंद करून चालायचा नाही, बंदच करायचा, आणि बंद केलेला त्यांना दाखवायचा. टोपी काढायची, पण फेटा काढायचा नाही. कारण विचारलं तर म्हणायचे, टोपी ही उन्हासाठी असते आणि फेटा इज्जतीसाठी. तोंडात काही असेल तर त्यांना लगेच कळायचं. ते समोर उभे राहून फक्त म्हणायचे, “आ करा.” मोठमोठी माणसं मुकाट्यानं तोंड उघडायची. एका फौजदारालाही त्यांनी असंच आ करायला लावलं होतं आणि तो बिचारा जिन्यापर्यंत जाऊन तोंड रिकामं करून आला होता.

त्यांचे वडील निजामाच्या काळात कुठल्याशा कचेरीत चपराशी होते. अदब, लिहाज, दस्तूर हे शब्द मामांना तिकडून मिळाले होते. वडील साहेबापुढून निघताना पाठ न दाखवता मागं मागं चालत यायचे म्हणे. “आता तसं काय ऱ्हायलं नाय,” मामा म्हणायचे, “पण माणसानं दारातून आत येताना तरी जरा सावध व्हावं ना, ताई.” इतर पट्टेवाल्यांनी लाल पट्टा आणि पितळी बिल्ला घालणं कधीच सोडून दिलं होतं. मामा रोज घालायचे. बिल्ला चिंचेनं घासलेला असायचा.

आणि त्यांचा पुकारा. ते ऐकायला मी कधीकधी काम नसताना व्हरांड्यात थांबायचे. पुकारा म्हणजे खटल्याचा नंबर लागला की पक्षकाराला नावानं हाक मारणं. बाकीचे कारकुनी आवाजात नावं उडवतात. मामा छाती भरून घ्यायचे आणि कागदावर असो नसो, प्रत्येक पुरुषाच्या नावापुढं ‘राव’ आणि बाईच्या नावापुढं ‘बाई’ लावायचे. बंड्या नावाचा माणूसही तिथं बंडेराव व्हायचा. कुणाला थट्टा वाटायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, आत गेल्यावर त्याची काय शोभा व्हायची ती होईल, बाहेरून तरी मानानं जाऊ द्या.

एकदा एका मोठ्या बिल्डरचा मुलगा आला. त्याच्या टी-शर्टावर कवटीचं चित्र होतं आणि खाली इंग्रजीत काहीतरी अभद्र लिहिलेलं. मामांना इंग्रजी येत नव्हतं, पण कवटी कळत होती. त्यांनी त्याला अडवलं. मुलगा हिंदीत तावातावानं बोलायला लागला, वडिलांना फोन लावला, वडिलांनी वकिलांना लावला. मामा शांत. शेवटी त्या मुलानं मुतारीत जाऊन टी-शर्ट उलटा घातला आणि शिवण बाहेर आलेल्या अवस्थेत, मानेवरचं लेबल मिरवत आत जाऊन बसला. व्हरांड्यातल्या सगळ्यांनी मनातल्या मनात मामांना हात जोडले. आम्हां नव्या वकिलांना त्यांचा मोठा आधार वाटायचा. गरीब आणि पैसेवाला त्यांच्या दारात एकाच मापानं मोजला जायचा, असं मला तेव्हा वाटत होतं.

धोतर आणि लुंगीचा वाद मात्र मला कधीच पटला नाही. मामांच्या लेखी धोतर चालायचं, लुंगी चालायची नाही. मी म्हणायचे, मामा, दोन्ही कापडंच आहेत. ते माझ्याकडं कीव आल्यासारखं बघायचे. “धोतराला काष्टा असतो, ताई. लुंगीला काय असतं?” मी हसून आत जायचे.

मग म्हसूचा दिवस आला.

म्हसू करमाडच्या पलीकडच्या एका वस्तीवरचा. मेंढरं राखणाऱ्या घरातला, साठीला आलेला, थोडी कोरडवाहू जमीन असलेला माणूस. त्याच्या घराकडं आणि शेताकडं जायची एकच वाट होती, शेजाऱ्याच्या बांधावरून. आजोबापासूनची वहिवाट. शेजाऱ्यानं जमीन विकली, नव्या मालकानं तारेचं कुंपण घातलं आणि वाट बंद झाली. म्हसूची मेंढरं आता ओढ्यातून फिरून जायची, पावसाळ्यात ओढा भरला की घर जगापासून तुटायचं. सून बाळंतपणाला निघाली तेव्हा तिला खाटेवर घालून ओढा पार करावा लागला होता. म्हणून दावा.

त्या दिवशी विरुद्ध बाजूचे वकील म्हसूला प्रश्न विचारणार होते, म्हणजे उलटतपासणी होती. तारीख आधी दोनदा आमच्याच बाजूनं पुढं गेली होती आणि साहेबांनी बजावलं होतं की ही शेवटची. माझे ज्येष्ठ दुसऱ्या कोर्टात अडकलेले, म्हणून मी एकटी. म्हसूला मी अकराला यायला सांगितलं होतं आणि आत बसून त्याची वाट बघत होते. मोबाईल अर्थातच बंद होता, मामांना दाखवून.

पावणेबाराला आमचा नंबर आला. मामांनी दारात जाऊन छाती भरून पुकारा केला. म्हसूराव. एकदा, दोनदा, तीनदा. कुणी आलं नाही. मी उभी राहून साहेबांना म्हणाले की माझा पक्षकार वाटेत असेल, अर्धा तास द्यावा. त्यांनी दुसरी कामं घेऊन सव्वाबारापर्यंत वाट पाहिली. पुन्हा पुकारा झाला. पुन्हा कुणी नाही. साहेबांनी वादीचा पुरावा बंद केला. म्हणजे म्हसूचं म्हणणं कोर्टापुढं आलंच नाही असं समजायचं. दावा कागदावर जिवंत, पण आत जीव नाही.

मी कागद गोळा करत होते तेवढ्यात म्हसू दारात दिसला. कुणाचीतरी मापात न बसणारी काळी पॅंट, मोहरी दोनदा दुमडलेली, घामानं चिंब. मामांनी त्याला बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी स्वतःच्या हातानं त्याची कॉलर सरळ केली. “आता कसं,” ते म्हणाले. “जा आत.”

मी म्हसूला हाताला धरून परत बाहेर आणलं आणि कुठं होतास म्हणून विचारलं. तो सांगायला लागला तसं मला कळत गेलं. तो साडेदहालाच आला होता. लुंगीवर. आठवड्यापूर्वी कुंपणाच्या तारेनं मांडी फाडली होती, टाके होते, विजार घालता येत नव्हती. दारात मामांनी सांगितलं, असं आत जाता यायचं नाही, नीट कपडे घालून या. म्हसूनं वाद घातला नाही. कोर्टाचा माणूस सांगतो म्हणजे कायदाच असणार. मुकुंदवाडीला त्याची बहीण राहायची. तो रिक्षानं तिकडं गेला, भाच्याची पॅंट मागून घेतली, टाक्यांवरून चढवली आणि तसाच परत आला. भाच्याच्या मोबाईलवरून मला तीनदा फोन केला होता. माझा बंद.

“झालं का ताई माझं?” त्यानं विचारलं.

मी त्याला सांगितलं काय झालं ते. तो भिंतीला टेकून उभा राहिला. त्याच्या मांडीवर काळ्या कापडात ओला डाग पसरत होता.

मामा दोन पावलांवर होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते जवळ आले आणि पहिल्यांदाच म्हसूच्या तोंडाकडं नीट बघितलं. “नाव काय तुमचं?” त्यांनी विचारलं. म्हसूनं सांगितलं. सकाळपासून सहा वेळा ज्या नावाला त्यांनी हाक मारली होती, तेच. मामा त्यांच्या स्टुलावर बसले. कोर्ट चालू असताना मामा बसलेले मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

आदेश मागं घ्यावा म्हणून अर्ज करायचा होता, आणि त्यात गैरहजेरीचं कारण द्यायचं होतं. माझ्या ज्येष्ठांनी सांगितलं, लिही गाडी बंद पडली म्हणून. सगळे तेच लिहितात. पट्टेवाल्याचं नाव घातलंस तर उद्यापासून तुझ्या फायली गठ्ठ्यात तळाला जातील, शिवाय म्हातारा चांगला आहे, त्याची नोकरी कशाला घालवतेस. म्हसूलाही तेच हवं होतं. “त्यांचं काय चुकलं नाय ताई. मीच लुंगीवर आलो.” मी गाडी बंद पडल्याचं लिहिलं. मला ते बरं वाटलं नाही, पण लिहिलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मामा वकिलांच्या बाररूमच्या दारात येऊन उभे राहिले. आत ते कधी येत नसत. मी बाहेर गेले. अर्जात काय लिहिलं, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी तो वाचून दाखवायला सांगितला. मी वाचला.

“हे खोटं हाय, ताई.”

मी म्हणाले, मामा, खरं लिहिलं तर तुमच्यावर येईल.

“येऊ द्या. माझी नोकरी दीड वर्ष ऱ्हायली. त्याची वाट कायमची जाईल.” मग थोडं थांबून म्हणाले, “मी कपडे बघितले. नाव इचारलं नाय. तुम्ही लिव्हा.”

मी घरी गेले आणि अर्ज फाडून नवा लिहिला. वादी वेळेवर आला होता, कपड्यांच्या कारणावरून त्याला दारातून परत पाठवलं, इतकंच. कुणी पाठवलं ते मी लिहिलं नाही. तेवढं धाडस माझ्यात नव्हतं.

सुनावणीला विरुद्ध वकिलांनी मला सोलून काढलं. ते म्हणाले, असा कोणताच नियम नाही. बाहेर फलक आहे, त्यावर शांतता राखा आणि मोबाईल बंद ठेवा एवढंच आहे. लुंगीबद्दल अवाक्षर नाही. वादी आलाच नव्हता आणि आता कोर्टाच्या व्यवस्थेवर ढकलतोय. साहेबांनी मला विचारलं की हा नियम कुठं लिहिलाय, आणि वादीला परत कुणी पाठवलं. मी उभी होते. मागं बाकावर म्हसू मान खाली घालून बसला होता.

तेव्हा दारातून मामांचा आवाज आला. पुकाऱ्याचा नव्हे, साधा, जरा फाटका.

“साहेब, बोलू का?”

अख्ख्या कोर्टानं मान वळवली. वीस-बावीस वर्षांत त्या दारातून नावांशिवाय दुसरा शब्द आत आला नव्हता. साहेब चष्म्यावरून बघत राहिले. मग त्यांनी मान हलवली. मामांनी खांद्यावरचा लाल पट्टा काढला, घडी करून बिल्ल्यासकट साहेबांपुढं कागद सांभाळणाऱ्या शिरस्तेदारांच्या टेबलावर ठेवला आणि पक्षकार उभे राहतात त्या जागी जाऊन उभे राहिले. पट्ट्याशिवाय ते एकदम बारीक दिसत होते. कुणाचेही आजोबा असावेत तसे.

ते म्हणाले, “ह्यांना मी परत पाठवलं. साडेदहाला आले होते. नियम कुठं लिव्हलेला नाय साहेब. माझ्याच डोक्यातला हाय.”

साहेबांनी विचारलं की असं आजवर किती लोकांना परत पाठवलं.

“मोजले नाय साहेब. आता रात्री मोजतो.”

विरुद्ध वकील खाली बसले. साहेबांनी मामांना ते प्रतिज्ञापत्रावर द्यायला सांगितलं, मामांनी दिलं, खाली वळणदार सही केली. अर्ज मंजूर झाला. पुढच्या तारखेला म्हसूची उलटतपासणी झाली आणि तो चांगला टिकला. त्या दिवशी तो लुंगीवरच आला होता. साहेबांनी स्वतः त्याला बसून उत्तरं द्यायला सांगितलं.

मामांना मेमो मिळाला. अधिकार नसताना पक्षकारांना अडवल्याबद्दल. चौकशी झाली, लेखी ताकीद झाली आणि त्यांची बदली तळमजल्यावरच्या रेकॉर्डरूममध्ये झाली. तिथं माणसं येत नाहीत, गठ्ठे येतात. मी अधूनमधून खाली जायचे. ते फडक्यानं फायलींवरची धूळ झटकत बसलेले असायचे. कधी तक्रार केली नाही. फक्त एकदा मला विचारलं, वर दारात आता कोण असतं. मी सांगितलं, एक तरुण आहे, मोबाईल बघत बसतो, कुणालाच अडवत नाही. त्यांनी हं केलं. चांगलं की वाईट, ते त्या हुंकारावरून कळलं नाही.

खरं सांगायचं तर मला दारातले मामा हवे होते. आता लोक चघळत आत येतात, बाकावर पाय पसरतात, साहेब बोलत असताना कुणाच्या तरी खिशात गाणं वाजतं. ती सावध शांतता गेली ती गेलीच. आणि तरी, म्हसूसारखी किती माणसं त्या दारातून गुपचूप परत गेली असतील आणि आम्ही आत बसून मामांचं कौतुक करत असू, हेही मनातून जात नाही. दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी खऱ्या वाटतात. त्यातली एक निवडावी असं मी मामांनाही कधी म्हटलं नाही.

निकाल म्हसूच्या बाजूनं लागला तेव्हा मामा निवृत्त होऊन दोन-तीन महिने झाले होते. मी फोन करून सांगितलं. ते म्हणाले, “ताई, मला ती वाट बघायचीय.”

एका रविवारी आम्ही सकाळच्या गाडीनं करमाडला गेलो. म्हसू स्टेशनवर घ्यायला आला होता. कुंपण तेवढ्या तुकड्यात काढलेलं होतं, बैलगाडी जाईल एवढी वाट मोकळी झाली होती, दोन्ही बाजूंना बोरीची झुडपं. मामा त्या वाटेनं एकटे पुढं चालत गेले, अगदी घरापर्यंत. वाटेत कुठं थांबले नाहीत.

म्हसूच्या बायकोनं पाट टाकले, बाजरीची भाकरी आणि पिठलं वाढलं. पाव्हणे कोण, तिनं विचारलं. म्हसू म्हणाला, कोर्टातले. सून तिच्या पोराचा हात धरून दाराशी उभी होती, ओढ्यातून खाटेवर नेलेली तीच. जेवण झालं, चहा आला. मामांनी कपाला हात लावला नाही. ते म्हसूला म्हणाले, “त्या दिवशी माझं चुकलं.”

मला वाटलं, म्हसू आता नाही नाही म्हणेल. अशा वेळी आपण सगळे तेच म्हणतो. पण म्हसूनं थोडा विचार केला आणि सरळ मामांकडं बघून म्हणाला, “व्हय. चुकलं व्हतं.” मग मामांचा कप त्यांच्या जवळ सरकवला. “घ्या, थंड व्हतोय.”

मामांनी चहा प्यायला. परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले होते. मुकुंदवाडी जवळ आली, गाडी हळू झाली तेव्हा माझ्याकडं न बघता म्हणाले, “बरं झालं ताई, तो नाय नाय म्हणला नाय. तसं म्हणला असता तर माझं बोलणं माझ्यापाशीच ऱ्हायलं असतं.”

मग ते उठले, डब्याच्या दारात आधीपासून उभ्या असलेल्या एका बाईला आधी उतरू दिलं आणि मागोमाग स्वतः उतरले.